शनिवारी दुपारी तीनला: इंग्लंडमधल्या गावच्या फुटबॉल क्लबचे पाठीराखे होताना

"मुलगी म्हणते, शाळेतल्या मैत्रिणींबरोबर गावच्या क्लबची मॅच बघायला जाते. जाऊ द्यावं का?" इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या मराठी आई-वडिलांकडून हा प्रश्न वारंवार येतो. त्याच्यामागोमाग बाकीचेही येतात. तिथे भांडणं होतात का? दारू चालते का? आपल्या मुलाला रंगावरून कुणी बोललं तर काय करायचं? पुण्या-मुंबईहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळी असते. प्रीमियर लीगचं तिकीट मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, मग इथे येऊन फुटबॉल बघायचा तरी कुठे?

दोघांनाही एकच उत्तर आहे: तुमच्या गावचा, तुमच्या उपनगराचा नॉन-लीग क्लब. परक्या देशात वाढणाऱ्या मुलाला "हे माझं गाव" असं म्हणायला लावणाऱ्या जागा फार नसतात. छोट्या फुटबॉल क्लबचं मैदान ही त्यातली एक पक्की जागा आहे, असं मी मनापासून मानतो. मात्र तिथे जाण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात. त्या इथे क्रमाने मांडतो.

नॉन-लीग म्हणजे कुठले क्लब?

इंग्लंडच्या पुरुषांच्या फुटबॉलमध्ये वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत: प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालच्या तीन विभागांतले प्रत्येकी २४. त्यांच्या खालचे सगळे क्लब नॉन-लीग. त्यांचीही उतरंड आहे:

- पहिली पायरी: नॅशनल लीग, २४ क्लब. यातले बरेचसे पूर्णवेळ व्यावसायिक.
- दुसरी पायरी: नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ.
- तिसरी आणि चौथी पायरी: इस्थमियन, सदर्न आणि नॉर्दर्न प्रीमियर या लीग. इथले खेळाडू आठवडाभर नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव करतात.
- त्याखाली: परगण्यांच्या आणि विभागांच्या लीग. इथे प्रेक्षक शेकड्यांत, कधी डझनांत मोजावे लागतात.

जिंकत गेलं तर कुठलाही क्लब पायरी-पायरीने वर चढू शकतो. एफए कपमध्ये हे छोटे क्लब ऑगस्टपासून खेळायला लागतात आणि जानेवारीच्या तिसऱ्या फेरीत त्यांची गाठ थेट बड्या क्लबांशी पडू शकते. १९८९ मध्ये सटन युनायटेडने दोनच वर्षांपूर्वी कप जिंकलेल्या कॉव्हेंट्री सिटीला २-१ ने हरवलं. जानेवारी २०२४ मध्ये सहाव्या स्तरावरच्या मेडस्टोन युनायटेडने इप्सविच टाउनला त्यांच्याच मैदानावर त्याच फरकाने हरवलं. इप्सविच त्याच हंगामाअखेर प्रीमियर लीगमध्ये गेला.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या मॅचला अख्खी पेठ लोटते, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे नातं लगेच कळेल. संघ आपल्या गल्लीचा आणि खेळाडू ओळखीचा, त्यामुळे हार-जीत घरातली वाटते.

क्लब कसा निवडाल?

मूल आधीच मँचेस्टर युनायटेड किंवा आर्सेनलचं भक्त असेल तर ते सोडायला लावू नका. दोन्ही सुखाने नांदतात. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ या वेळात टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवण्यावर सर्वसाधारणपणे बंदी आहे, आणि प्रेक्षकांनी मैदानावर यावं हाच तिचा मूळ हेतू. छोट्या क्लबांच्या मॅच त्याच वेळात असतात. निवडताना एवढं बघा:

- अंतर. मूल पुढे स्वतः चालत, सायकलने किंवा एका बसने जाऊ शकेल, असा क्लब पहिला. दर दुसऱ्या शनिवारी दूर जाण्याचा उत्साह डिसेंबरपर्यंत टिकत नाही.
- शाळेतली ओळख. वर्गातलं कुणी जातं का, क्लबच्या मुलांच्या संघात कुणी खेळतं का, ते विचारा.
- महिलांचा संघ. अनेक क्लबांचे महिला संघही खेळतात. तिथे तिकीट स्वस्त आणि वातावरण घरगुती. मुलींसाठी ही फार चांगली सुरुवात आहे. ससेक्समधल्या लुइस क्लबने २०१७ मध्ये पुरुष आणि महिला संघांना समान मानधन द्यायचा निर्णय घेतला.
- मालकी. क्लब एका धनिकाचा आहे की पाठीराख्यांच्या संस्थेचा, हे आधी माहीत करून घ्या. ते का, ते पुढे येईल.

आपली वस्ती जिथे आहे तिथे असे क्लब आहेतच. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला आहे, तिथून हेंडन क्लबचं किंग्जबरीतलं मैदान फार लांब नाही. स्लाऊमध्ये स्लाऊ टाउन, हॅरोमध्ये हॅरो बरो, बर्मिंगहॅमजवळ सॉलिहल मूर्स, मँचेस्टरच्या बाजूला ऑल्ट्रिंचम. शेफील्डला शिकणाऱ्यांना तर १८५७ साली स्थापन झालेला, जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून ओळखला जाणारा शेफील्ड एफसी बघता येतो.

कुठून सुरुवात करावी हे ठरत नसेल तर 'नॉन-लीग डे' गाठा. २०१० पासून बहुधा दरवर्षी, आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे बडे क्लब सुट्टीवर असतात अशा एखाद्या शनिवारी तो साजरा होतो आणि त्या दिवशी बरेच क्लब तिकिटात सूट देतात.

पहिल्या सामन्याला जाताना

1. क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावर वेळापत्रक बघा. शनिवारी दुपारी तीन, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री ७:४५ ही नेहमीची वेळ. कपच्या सामन्यांमुळे तारखा बदलतात, म्हणून महिन्याभरापूर्वी लिहून ठेवलेल्या तारखेवर विसंबू नका.
2. निघण्यापूर्वी पुन्हा एकदा बघा. हिवाळ्यात पाणी साचल्यामुळे किंवा जमीन गोठल्यामुळे मॅच ऐनवेळी पुढे ढकलली जाते. पंच सकाळी मैदान तपासतात आणि क्लब समाजमाध्यमांवर निर्णय टाकतो.
3. तिकीट. वरच्या पायऱ्या सोडल्या तर आधी काढायची गरज सहसा पडत नाही, दारावर मिळतं. काही ठिकाणी फक्त कार्ड चालतं, काही ठिकाणी अजून रोख. दोन्ही जवळ ठेवा. मुलाचं वय सिद्ध करणारं काहीतरी, निदान शाळेचं ओळखपत्र, बरोबर असू द्या.
4. कपडे. बहुतेक प्रेक्षक उभे असतात आणि पायाखाली काँक्रीट असतं. नोव्हेंबरपासून थंडी तळपायातून चढते. जाड मोजे, टोपी, हातमोजे आणि पाऊस अडवणारं जाकीट हवंच.
5. अर्धा तास आधी पोहोचा. क्लबहाउस बघा, माहितीपुस्तिका विकत घ्या. पुस्तिका काढणं अनेक क्लबांनी बंद केलं आहे, पण जिथे ती मिळते तिथे दोन-तीन पौंडांत मुलाला खेळाडूंची नावं, गुणतक्ता आणि क्लबचा इतिहास मिळतो.

तिथल्या रीतीभाती

खालच्या पायऱ्यांवर दोन्ही क्लबांच्या पाठीराख्यांना सहसा वेगळं बसवत नाहीत. नाणेफेक झाली की आपला संघ कुठल्या गोलकडे हल्ला करणार ते बघून लोक त्या गोलमागे जाऊन उभे राहतात. मध्यंतराची शिट्टी वाजली की चहाचे कप हातात घेऊन सगळा घोळका मैदानाच्या कडेकडेने दुसऱ्या टोकाला निघतो. समोरून पाहुण्या संघाचे पाठीराखे येत असतात. अर्ध्या वाटेवर दोन्ही घोळके एकमेकांना ओलांडतात, आणि बहुतेक वेळा "तुमचा गोलकीपर भलता चांगला आहे हो" अशा गप्पा होतात. मुलांना हे जरूर बघू द्या. विरोधी संघावर ओरडूनही त्याच्या माणसांशी नीट बोलता येतं, हे ती इथे शिकतात.

आणखी थोडं लक्षात ठेवा:

- गोलमागे उभे असाल तर चेंडूवर नजर हवी. लहान मुलांना कठड्याला टेकून पाठमोरं उभं राहू देऊ नका.
- शिव्या कानावर पडतील. त्या पडणार हे मुलाला आधीच सांगा आणि आपल्या घरचा नियमही सांगा.
- पंच आणि खेळाडू हाकेच्या अंतरावर असतात आणि बोललेलं त्यांना ऐकू जातं. वैयक्तिक अपमान करायचा नाही, ही मर्यादा पहिल्या दिवसापासून घालून द्या.
- सामना संपल्यावर खेळाडू क्लबहाउसमध्ये येतात. मुलाला पुढे होऊन बोलू द्या. बहुतेक खेळाडू आनंदाने बोलतात.

खाण्यापिण्याचं

टपरीवर चहा, चिप्स, बर्गर आणि 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) मिळतात. गोमांस न खाणाऱ्या घरांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'स्टेक पाय' गोमांसाचा असतो. थंडीत सगळे पितात ते गरमागरम 'बोव्हरिल' चहासारखं दिसलं तरी गोमांसाच्या अर्काचं असतं. आणि उत्तर इंग्लंडमध्ये काही ठिकाणी चिप्स गाईच्या चरबीत तळतात. "कशात तळलंय?" असं सरळ विचारा, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. डबा नेणार असाल तर काचेची बाटली आणि धातूचा डबा टाळा, दारावर अडवतील.

मुलाला एकटं केव्हा पाठवावं?

मुलाला कितव्या वर्षी एकटं सोडावं, याचं ठरावीक वय इंग्लंडच्या कायद्यात नाही. मूल धोक्यात येईल असं सोडणं हा मात्र गुन्हा आहे. क्लबचे स्वतःचे नियम असतात. अमुक वयाखालच्या मुलासोबत प्रौढ हवा, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते वय जागोजागी वेगळं. क्लबला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

माझी शिफारस अशी:

- पहिले काही सामने तुम्ही सोबत जा. दारावरची माणसं, स्टुअर्ड (प्रेक्षकांची व्यवस्था बघणारे) आणि क्लबहाउस चालवणारी मंडळी तुम्हाला आणि मुलाला ओळखू लागली पाहिजेत.
- मग मित्रांबरोबर दुपारचा घरचा सामना. तो पाचच्या सुमारास संपतो. डिसेंबरात तोवर अंधार पडलेला असतो, म्हणून परतीची वाट आधी ठरवा.
- रात्रीचा सामना साडेनऊनंतर संपतो. शेवटची बस चुकली तर काय, याचं उत्तर असल्याशिवाय सोळा वर्षांखालच्या मुलाला पाठवू नका.
- परगावच्या सामन्याला पाठीराख्यांची बस जाते. अठरा वर्षांखालच्या मुलांना सोबत कुणाशिवाय घेतात का, ते आधी विचारा.

हंगाम ऑगस्टपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालतो आणि बढतीचे सामने मेच्या सुरुवातीला येतात. जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षा त्यानंतर लगेच असतात. त्या वर्षी परगावचे सामने किती, याचा करार मुलाशी ऑगस्टमध्येच करा. मार्चमध्ये वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

पैशांचा हिशेब

प्रौढांचं तिकीट नॅशनल लीगमध्ये साधारण वीस पौंडांच्या आसपास, मधल्या पायऱ्यांवर बारा ते पंधरा, खाली दहाच्या आत-बाहेर असतं. मुलांना बऱ्याच ठिकाणी नाममात्र दर असतो, कुठे प्रवेश फुकटही असतो. विद्यार्थ्यांनी सवलत विचारावी. फलकावर नसली तरी अनेकदा मिळते.

सीझन तिकीट घेण्याआधी:

- घरचे लीग सामने मोजा. २२ क्लबांच्या विभागात ते २१, २४ क्लबांच्या विभागात २३. तुम्ही खरोखर किती बघाल, ते धरून भागाकार करा.
- कपचे सामने बहुधा त्यात धरलेले नसतात.
- सामना अर्ध्यावर थांबला किंवा पुढे गेला तर काय, ते तिकिटाच्या अटींत वाचा.
- रक्कम शंभर पौंडांहून जास्त असेल तर क्रेडिट कार्डाने भरा. क्लब बुडाला तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. ही भीती पोकळ नाही: १८८५ साली स्थापन झालेल्या बरी क्लबला २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकलं गेलं आणि मॅकल्सफील्ड टाउन २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला. दोन्ही गावांत क्लब पुन्हा उभे राहिले, पण मधल्या काळात पाठीराख्यांचे हाल झाले.

प्रवासाच्या सवलती: रेल्वेत ५ ते १५ वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. १६-१७ वर्षांच्यांसाठी निम्म्या भाड्याची वेगळी सवलत-पत्रिका आहे, आणि १६-२५ रेलकार्डावर एक तृतीयांश सूट मिळते. लंडनमध्ये ११ ते १५ वर्षांच्या मुलांना झिप ऑयस्टर कार्डावर बस आणि ट्राम मोफत.

सट्टा: अठरा वर्षांखाली पैज लावणं बेकायदा आहे. मोठ्या भावाच्या खात्यावरून लावली तरी तेच. मैदानाभोवती सट्ट्याच्या जाहिराती दिसतात, म्हणून हे मुलांशी उघड बोला.

दारू, धूर आणि मैदानात धाव

वरच्या पाच स्तरांत, म्हणजे नॅशनल लीगपर्यंत, मैदान दिसेल अशा जागी मद्य पिण्यावर १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. त्याखालच्या पायऱ्यांवर ती नाही. लोक हातात बिअर घेऊन मॅच बघतात. याचा अर्थ तिथे धिंगाणा असतो असा नाही, पण मुलाला एकटं पाठवण्याआधी हे चित्र तुम्ही स्वतः बघितलेलं बरं. अठराखालच्यांना मद्य विकत नाहीत, आणि त्यांच्यासाठी विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो.

तरुण मुलांनी पुढच्या तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात:

- धुराच्या नळकांड्या आणि फटाके. वरच्या स्तरांवर जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. खाली क्लब दारच बंद करतो. दिवाळीचे उरलेले फटाके खिशात घेऊन जाणं, ही गंमत अंगाशी येते.
- मैदानात धावणं. विजयाच्या भरात सगळे धावले तरी वरच्या स्तरांवर तो गुन्हाच आहे. बाकी ठिकाणी क्लबला दंड होतो आणि तुमच्यावर बंदी येते.
- वर्णद्वेषी किंवा हिणवणाऱ्या घोषणा. घोळक्यात सुरू झाल्या तर तिथून बाजूला व्हा. "मी नुसता उभा होतो" हे नंतर सिद्ध करणं कठीण असतं.

न्यायालय फुटबॉलबंदीचा आदेश काढू शकतं, आणि तो तीन ते दहा वर्षांचा असतो. आपल्या कुटुंबांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगल्या वर्तणुकीची' अट दहा वर्षांपासून पुढच्या सर्वांना लागू आहे, आणि पोलिसांनी दिलेली औपचारिक ताकीदसुद्धा तिथे सांगावी लागते. क्षणभराच्या उत्साहाची किंमत काही वर्षांनी मोजावी लागू नये.

कुणी रंगावरून, धर्मावरून बोललं तर

बहुतेक शनिवारी असं काही होत नाही. पण झालंच तर काय करायचं, हे मुलाला आधीच पाठ हवं:

1. उलट बोलू नका, तिथून बाजूला व्हा. वेळ, जागा, काय बोललं गेलं आणि कोण साक्षीदार होतं, ते फोनवर लगेच लिहून ठेवा.
2. जवळच्या स्टुअर्डला सांगा. सामना सुरू असतानाच सांगितलं तर पंचांपर्यंत बातमी जाते आणि ते सामना थांबवू शकतात.
3. क्लबच्या सचिवाला आणि परगण्याच्या फुटबॉल असोसिएशनला लेखी कळवा. १९९३ पासून काम करणाऱ्या 'किक इट आउट' या संस्थेकडेही तक्रार नोंदवता येते, आणि नाव गुप्त ठेवता येतं.
4. धमकी किंवा मारहाण असेल तर ९९९, तातडीचं नसेल तर १०१. वंशावरून, धर्मावरून केलेला छळ पोलीस द्वेषमूलक गुन्हा म्हणून नोंदवतात.

"जाऊ दे, आपण बाहेरचे" असं मुलासमोर म्हणू नका. तक्रार केली की आपलं नाव खराब होईल, ही भीती सोडा. चांगल्या क्लबला अशी तक्रार हवीच असते, कारण गप्प राहिलं तर त्याच्याच दारातून प्रेक्षक कमी होतात.

मुलांच्या सुरक्षिततेचे हक्क

- फुटबॉल असोसिएशनशी संलग्न, मुलांचे संघ असलेल्या प्रत्येक क्लबात कल्याण अधिकारी नेमलेला असतो. त्यांचं नाव आणि संपर्क मागून घ्या.
- क्लबच्या कुठल्याही प्रौढाने अठराखालच्या मुलाला पालकांना वगळून खाजगी संदेश पाठवू नयेत. तसे आले तर कल्याण अधिकाऱ्याला कळवा.
- मुलाचा फोटो क्लबच्या पानावर नको असेल तर तसं लेखी सांगा.
- मुलांना मोफत बोलता येईल असा चाइल्डलाइनचा क्रमांक ०८०० ११११. मोठ्यांसाठी एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेचा ०८०८ ८०० ५०००.
- दारावर झडती घेऊ देणं ही प्रवेशाची अट असू शकते. नकार दिलात तर आत सोडणार नाहीत, पण स्टुअर्ड जबरदस्तीने हात घालू शकत नाही.
- क्लबने बंदी घातली तर कारण लेखी मागा आणि दाद कुणाकडे मागायची ते विचारा.
- अपंग पाठीराख्यांसाठी वाजवी सोयी करणं २०१० च्या समानता कायद्याने क्लबवर बंधनकारक आहे. मदतनीसाला मोफत तिकीट अनेक क्लब देतात. अडचण आली तर 'लेव्हल प्लेइंग फील्ड' ही संस्था मदत करते.

बघणाऱ्याचे हात कामाला लागले की

हे क्लब स्वयंसेवकांवर चालतात. मुलं पुस्तिका विकतात, चेंडू आणून देतात, फोटो काढतात, सामन्याचा वृत्तांत लिहितात, गोलनंतर खेळाडूचं नाव पुकारतात. लाजाळू मुलाला बोलतं करायला हा उत्तम मार्ग आहे. चौदाव्या वर्षापासून 'ड्यूक ऑफ एडिनबरा' पुरस्काराच्या कांस्य पातळीसाठी किमान तीन महिन्यांची स्वयंसेवा लागते. ती क्लबात करता येते, पण सुरुवात करण्याआधी शाळेकडून मान्य करून घ्या.

व्हिसावर असलेल्यांनी सावध: पुस्तिका विकणं वेगळं, संघातून खेळणं किंवा प्रशिक्षण देणं वेगळं. विद्यार्थी आणि इतर अनेक व्हिसांवर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई आहे, आणि त्या व्याख्येत अर्धव्यावसायिक पातळी येते, मानधन मिळो वा न मिळो. नॉन-लीगचा बराच भाग त्याच पातळीवर आहे. क्लबने चाचणीला बोलावलं तर होकार देण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला किंवा इमिग्रेशन सल्लागाराला विचारा.

क्लबच्या कारभारात तुमचं मत

इंग्लंडमधल्या कितीतरी क्लबांची मालकी आज पाठीराख्यांकडे आहे. मँचेस्टर युनायटेडच्या नाराज पाठीराख्यांनी २००५ मध्ये एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर उभा केला. तिथे सभासद कितीही पैसे घालो, मत एकच. अशा क्लबचं सभासदत्व घेताना तीन गोष्टी वाचा: वार्षिक वर्गणी, मतदानाचं किमान वय आणि वार्षिक सभेची तारीख. मूल मत देण्याच्या वयाचं नसलं तरी त्याला सभेला घेऊन जा. हिशेब मांडणं, प्रश्न विचारणं, हात वर करून ठराव पास करणं, हे त्याला डोळ्यांसमोर दिसेल.

मालक एकटा असेल तरी हक्क आहेत:

- वरच्या पाच स्तरांत: २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक आला. मैदान विकायला त्याची मंजुरी, आणि बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचे रंग बदलायला बहुसंख्य पाठीराख्यांचा पाठिंबा, अशी तरतूद या कायद्यात आहे.
- त्याखाली: नियामक नाही, तिथे स्थानिक लोकांनाच जागं राहावं लागतं. दक्षिण लंडनमधल्या डलिच हॅम्लेटला २०१८ मध्ये जमीनमालक कंपनीशी झालेल्या वादात स्वतःच्या मैदानाबाहेर राहावं लागलं होतं. पाठीराख्यांनी आणि स्थानिक नेत्यांनी आवाज उठवला आणि वर्ष संपायच्या आत क्लब परतला.
- मैदान 'सामुदायिक मूल्याची मालमत्ता' म्हणून नोंदवता येतं. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली त्या भागातल्या मतदारयादीतले २१ जण एकत्र येऊन पालिकेकडे अर्ज करू शकतात. मैदान विकायला निघालं तर विक्री काही महिने रोखून पैसे उभे करायला वेळ मिळतो.

या २१ जणांत तुम्हीही बसता. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, मतदारयादीत नाव घालता येतं. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून आपल्याला मत नाही, असा समज आपल्यात फार पसरलेला आहे. तो काढून टाका आणि यादीत नाव घाला.

पहिल्या महिन्याचा बेत

- पहिला आठवडा: घराजवळचे दोन क्लब शोधा, वेळापत्रकं बघा, प्रवेशाच्या वयाचा नियम ईमेलने विचारा.
- दुसरा आठवडा: एका क्लबच्या घरच्या सामन्याला सगळे मिळून जा. मध्यंतरात टोक बदला.
- तिसरा आठवडा: दुसऱ्या क्लबचा सामना, शक्यतो महिला संघाचा. मग कुठला आपला, ते मुलाला ठरवू द्या.
- चौथा आठवडा: कल्याण अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या, परतीच्या वाटेचे आणि रात्रीच्या वेळेचे नियम मुलासोबत बसून ठरवा, आणि जमेल तर सभासद व्हा.

क्लब हरेल, खालच्या पायरीवर जाईल, आवडता खेळाडू दुसरीकडे जाईल. तरीही पुढच्या शनिवारी जायचं असतं, आणि हे मुलाला तुम्ही समजावण्याची गरज पडत नाही, बाकीचे पाठीराखे शिकवतात. तुम्ही पहिल्या काही शनिवारी सोबत जा, नियम माहीत करून घ्या, आपले हक्क वापरा. पुढचं काम गावाचं आहे, आणि ते गाव आता तुमच्या मुलांचंही आहे.